हरकत नोंदवताना

बोलायला तीन मिनिटं, असं मामलेदार म्हणाले.
चालेल.
आमच्या थांब्यावर कदंबा तीन मिनिटंच उभी राहायची.
तेवढ्यात केळीचे दोन घड, तापानं फणफणलेलं पोर,
काजूबियांची पाटी,
आणि लाकडी पायाचा इनास,
सगळे चढायचे.
रोहिदास कंडक्टर दोरी ओढण्याआधी
एकदा व्हाळाकडे बघायचा:
"राव रे, कोण तरी येता."

मी सत्यवती माजिक.
वाळपईच्या इस्पितळात बाळंतिणींकडे आया.
पाळी आठला सुटते.
गावची शेवटची बस आता सव्वासहाला.
मधले पावणेदोन तास
सरकारनं कुठल्या खात्यात जमा धरलेत
ते शोधायला मी अंदाजपत्रक उघडलं.
रुंदीकरणाच्या ओळीत शून्यं होती,
नातीनं मोजली, दोनदा चुकली.
आमच्या बसच्या ओळीत नुसती आडवी रेघ.
वॉर्डात यंत्रावर अशी रेघ आली
की आम्ही धावतो, साहेब.

थांब्यावर माट आहे.
साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन चौकोन.
वैशाखात माझा आजा त्याच्या गाठीला कोयत्याचं टोक लावायचा
आणि ओंजळभर पाणी घेऊन
वर हात जोडायचा.
गेल्या महिन्यात दोघं डबा घेऊन आले,
लाल रंगात आकडा घालून गेले: एकशे सदतीस.
आकडे आम्हीही घालतो,
नवजात पोरांच्या मनगटाला.
पण ते अशासाठी
की ज्याचं त्याला घरी जाता यावं.

बदल्यात दुसऱ्या तालुक्यात रोपं लावणार म्हणता.
लावा.
त्यांच्या सावलीत बसायला जायचं
तरी बस लागेलच.

मी रस्त्याच्या विरोधात नाही, हे लिहून घ्या.
नीट लिहा,
मागच्या वेळी माझ्या नावापुढे
"विकासविरोधी" असं टाईप झालं होतं,
आणि आडनाव माझिक.
थांबा बंद पडल्यावर वाड्यावर सोळा दुचाक्या आल्या,
सगळ्या हप्त्यांवर.
दोन आता चौकीमागे गंजतात.
एकीच्या टाकीवर "उगम" अजून वाचता येतं.
हप्ता त्याची आई भरते.

मागणं एवढंच.
रात्री साडेआठची एक बस.
लहान चालेल. जुनी चालेल,
फक्त पत्रा गळका नको.
रस्ता आहे तेवढाच पुरे:
वळणावर समोरून कुणी आलं
तर एकानं मागं घ्यायचं,
आमच्यात ती रीत आहे.
ज्या पैशात तुम्ही डोंगराची कूस कापणार
त्यातले थोडे डिझेलला ठेवा,
थोडे ड्रायव्हरच्या पगाराला,
आणि उरले तर व्हाळावरच्या मोरीला,
नाहीतर तुमच्या भरावाचं पाणी
पुनाजीच्या कुळागरात उतरतं,
सुपारीची मुळं कुजतात, वास इथवर येतो.

घंटा वाजली?
कदंबात एकदा वाजली तर थांब,
दोनदा वाजली तर चल.
तुम्ही एकदाच वाजवलीत.

थांबते.
माझ्यानंतर पुनाजी आहे, तो अडखळत बोलतो,
त्याला तीनवर घड्याळ लावू नका.
आणि एक राहिलं:
आम्ही पंधराजण आलोय,
काही टेम्पोच्या हौद्यात उभे राहून.
हे सगळं संपायला आठ वाजतील.
परत कसं जायचं,
तेही कुणीतरी
इतिवृत्तात लिहा.